अल्बरीला आमचा डबा सरळ गेला होता

१ जानेवारी, मंगळवार. सकाळी.
या वर्षी संकल्प एकच. जूनच्या प्रदर्शनाआधी अल्बरी स्टेशनचं मॉडेल पुरं करायचं. वजन, छपराच्या पन्हळी आणि नोरीनच्या भावाशी बोलणं, हे सगळं पुढच्या वर्षी.
ऐन उन्हाळा. शेडमध्ये त्रेचाळीस डिग्री. काल बसवलेले रूळ उष्म्याने सापासारखे वळलेत. काळजीचं कारण नाही. प्लॅस्टिक थंडीत आपोआप सरळ होतं. होत असणार.

४ जानेवारी.
हे लिहून ठेवलेलं बरं. वांगारॅटाच्या आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात अल्बरीच्या त्या जुन्या गाडीने प्रत्यक्ष गेलेला माझ्याशिवाय कुणी नाही.
१९५९, ख्रिसमसची सुट्टी. बेनालाहून सिडनी, आजीकडे. मी सात वर्षांचा, बहीण बेरिल बाराची. त्या काळी आमच्या व्हिक्टोरियाचे रूळ रुंद आणि न्यू साउथ वेल्सचे साडेसहा इंचांनी अरुंद. दोन सरकारांचं कधी पटलंच नाही. म्हणून सीमेवर, अल्बरीला, साऱ्या दुनियेने रात्री पोरंबाळं, ट्रंका, बोचकी घेऊन उतरायचं आणि प्लॅटफॉर्म तुडवत पुढच्या गाडीत जाऊन बसायचं.
साऱ्या दुनियेने. आम्ही नाही. आमचा डबा सरळ गेला. डॅड रेल्वेत होते. त्यांनी डब्याखालची चाकं बदलून घेतली, खास आमच्यासाठी. हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. शिवाय मी बेनालाला खिडकीशी झोपलो आणि सिडनीजवळ खिडकीशीच जागा झालो. आणखी काय पुरावा हवा?
नोरीनला हे लग्नापासून माहीत आहे. तरी आज म्हणाली, "डेस, तुझे डॅड यार्डात डबे जोडायचे."
मी म्हटलं, मग? डबे जोडणाऱ्यालाच डब्यातलं कळतं.

६ फेब्रुवारी. क्लबची मीटिंग.
प्रदर्शनाचं ठरलं. अल्बरी आणि अलीकडचा भाग माझा. पलीकडचा लिंडसे क्वर्कचा. क्वर्क म्हणजे आमचा सेक्रेटरी. निवृत्त गणित मास्तर. जेवतानासुद्धा खिशात पट्टी. प्रदर्शनात दोघांची टेबलं जोडायची आणि मेलबर्न ते सिडनी गाडी पळवायची.
क्वर्कचं म्हणणं, अल्बरीला गाडी थांबवून प्रवासी बदलताना दाखवू, लोकांना तेच आवडतं. मी उभा राहिलो आणि आमच्या डब्याची हकीकत सांगितली. सगळे गप्प झाले. आदराने.
मग क्वर्क म्हणाला, "म्हणजे अख्खा डबा जॅकवर चढवला, चाकं काढली, दुसरी ठोकली, आणि हे राजेसाहेब आत घोरतायत?"
हसले सगळे. चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलंय मी. जॅक कसा लावायचा ते मला गणिताचा मास्तर शिकवणार! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं: आमचा डबा सरळ गेला नसेल तर क्लबचा राजीनामा देतो. आणि साक्षीदार हवा असेल तर माझी बहीण बेरिल अजून ठणठणीत आहे. तिलाच सिडनीहून बोलावतो.
क्वर्कने हे इतिवृत्तात घेतलं. खाली दोनदा रेघ मारली. माणूस तसा गुणग्राहक आहे.

२ मार्च.
बेरिलला फोन. जूनच्या लाँग वीकएंडला येते म्हणाली. त्या रात्रीबद्दल मी काही विचारलं नाही. साक्षीदाराला आधीच पढवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
अल्बरी बनवतोय एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं! त्या प्लॅटफॉर्मचं नाव काढलं तरी माझे दंड दुखतात."
संधिवात. बाहत्तरी म्हणजे काही गंमत नाही.

११ मार्च. आमच्या व्हिक्टोरियाच्या कामगार दिनाची सुट्टी. मी सोडून सगळ्यांना.
माझे रूळ अठरा पूर्णांक चार मिलिमीटर रुंद. क्वर्कचे साडेसोळा. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. डॅडनी खऱ्या डब्याचं केलं ते मला एवढ्याशा डब्याचं जमणार नाही?
चाकं आत सरकतील असा स्प्रिंगचा डबा तयार केला. अकरा वेळा सोडला. अकरा वेळा घसरला. पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी घसरला, म्हणजे प्रगती आहे.
बाराव्या वेळी एक चाक उडालं. घरभर शोधलं. नोरीनच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत असणार, असं मी शांतपणे सुचवलं. तिने अख्खी पिशवी पलंगावर उलटी केली. माझ्या बाजूला.
चाक मिळालं नाही.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे.
चार बन खाऊन कामाला बसलो. माणसं रंगवली. एकेक दोन सेंटिमीटरचं. डॅड सर्वांत झकास उतरलेत. अल्बरीच्या प्लॅटफॉर्मवर मधोमध, डोक्याला हॅट, एक हात वर. हुकूम सोडतायत.
नोरीन भिंग घेऊन बघायला आली.
"बेरिल कुठाय?"
डब्यात, मी म्हटलं.
"दिसत नाही."
झोपलीय.
"आणि आई?"
तीही झोपलीय. छप्पर चिकटवून टाकलंय, आता दिसायचं नाही.
ती म्हणाली, "बायका बऱ्या दडपल्यास रे डब्यात."
तिला कलाकुसरीतलं कळत नाही. तिच्या भावालाही कळत नाही.

२५ मे.
क्वर्कच्या गॅरेजमध्ये टेबलं जोडून पाहिली. माझे रूळ आले, त्याचे आले, आणि समोरासमोर उभे राहिले. मी आणि नोरीनचा भाऊ उभे राहतो तसे. पट्टी काढण्याची क्वर्कला गरजच नव्हती, पण त्याने काढली.
मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "हे बघ म्हाताऱ्या, अजून दोन आठवडे आहेत. गाडी अल्बरीला थांबवू. माणसं उतरवू, चढवू. राजीनाम्याचं मी खोडून टाकतो. कुणाला आठवणारही नाही."
घाबरलाय.
मी म्हटलं, खोडायचं नाही. उलट दारावर फलक लावायचा: 'प्रत्यक्ष साक्षीदार, शनिवारी दुपारी दोन वाजता.' फलकाचा रंग माझा.

७ जून, शुक्रवार.
बेरिलला स्टेशनवरून आणलं. जेवताना ती अल्बरीचा विषय काढू लागली. मी म्हटलं, उद्या, उद्या, सगळ्यांसमोर. नोरीन माझ्याकडे बराच वेळ बघत होती. माझ्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास तिला आवडत असावा.
डबा आज सतरापैकी एकदा गेला. एकदाच जायचं आहे.

८ जून, शनिवार.
घडलं तसं लिहितो.
हॉल खच्चून भरला होता. नोरीन चहा आणि लॅमिंग्टन केकच्या टेबलावर. दोन वाजता क्वर्कने माइक हातात घेतला. मी गाडी सोडली. बेनाला, वांगारॅटा, सगळं झोकात. अल्बरीत शिरली. जोडाशी आली. डब्याची पुढची चाकं क्वर्कच्या रुळांवर चढली. हे मी मुद्दाम नोंदवतो. चढली. मागच्यांनी मान्य केलं नाही. डबा आडवा झाला, छप्पर उडालं आणि कुणाच्या तरी चहात पडलं.
आत कुणीच नव्हतं. ते सगळ्यांना दिसलं.
क्वर्कने माइक बेरिलसमोर धरला. "मॅडम, तुम्ही त्या रात्री होतात. डबा सरळ गेला?"
बेरिल म्हणाली, "कुठला डबा?"
"डेसच्या डॅडनी चाकं बदलून घेतली तो."
"डॅडनी? डॅड होतेच कुठे? त्यांना सुट्टी नव्हती. बेनालाला आम्हाला चढवलं, हात हलवला आणि गेले यार्डात. अल्बरीला उतरलो तिघं. आईच्या दोन्ही हातांत बॅगा, आणि हा ठोंब्या माझ्या खांद्यावर. त्या टोकापासून या टोकापर्यंत. बारा वर्षांची होते हो मी!"
मी माइकशिवाय, पण स्पष्ट, हरकत घेतली. म्हटलं, मी खिडकीशी झोपलो आणि खिडकीशीच जागा झालो.
"मीच बसवलं तुला खिडकीशी. नाहीतर भोकाड पसरलं असतंस."
मी म्हटलं, चाकांचं डॅडनी स्वतः सांगितलंय.
तेव्हा तिने माइक बाजूला सारला. पण हॉल इतका चिडीचूप झाला होता की सगळ्यांना ऐकू गेलंच. "अरे, परत आल्यावर तू त्यांच्या मागे लागलास. डॅड, तुम्ही का नाही आलात, का नाही आलात. काय सांगणार तो माणूस? सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगणार? म्हणाला, मी मागे राहून तुमच्या डब्याची चाकं बदलत होतो."
क्वर्क हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. ते जास्त लागलं.
मग त्याने चिमट्याने माझ्या प्लॅटफॉर्मवरची माणसं उचलून त्याच्या गाडीत ठेवायला सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच वाजेपर्यंत रांग होती. सगळ्यांना चिमटा हवा होता.
माझं मत: गर्दीने हॉल तापला, त्यामुळे रूळ हलले. बाकी काही नाही.

९ जून, रविवार.
दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे मी. राजीनामा लिहिला. दीड पान. शेवटी 'समितीने फेरविचाराचा आग्रह धरल्यास' असं एक वाक्य घातलं, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.
अकरा वाजता दिला. अकरा वाजून चार मिनिटांनी एकमताने मंजूर. आभाराच्या ठरावासकट. क्वर्कने चहाच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली परत मागितली.
माझं अल्बरी मात्र सोमवारपर्यंत तिथेच राहू दे म्हणाले. आता त्यावर माणसं उतरतात, चढतात. कमिटीतल्या कुणीतरी प्लॅटफॉर्मवर एक मुलगी ठेवलीय, खांद्यावर पोर घेतलेली. डॅडना उचलून बेनालाच्या यार्डात नेऊन ठेवलंय.
कुणी हलवलं विचारलं. सगळे नोरीनकडे बघायला लागले.

१० जून, सोमवार. संध्याकाळी.
बेरिलची सिडनीची गाडी वांगारॅटालाही थांबते. तरी मी तिला पाऊण तास गाडी चालवत अल्बरीला नेलं. हेतू शास्त्रीय. बावीस किलोचं पोर घेऊन बारा वर्षांची मुलगी तो प्लॅटफॉर्म चालणं शक्य नाही, हे तिथेच सिद्ध करायचं होतं. प्रयोगासाठी तिची बॅग. वजन चौदा किलो.
टोकाला उभा राहिलो. भलताच लांब प्लॅटफॉर्म आहे. मॉडेलमध्ये मी तो जरा आखूड केला होता, जागेअभावी.
शंभरएक पावलांवर बाक लागला. बसलो. दम लागला म्हणून नव्हे, नोंदी करायला. बेरिलने बॅग उचलली आणि पुढे चालायला लागली. मी मागून.
गाडी आली. तीच मेलबर्नहून निघते, तीच सिडनीला जाते, मध्ये कुणी गाडी बदलत नाही. बासष्ट साली रूळ सारखे झाल्यापासून असंच आहे.
दाराशी मी सहज विचारलं, जड होतो का मी?
ती म्हणाली, "होतास की. पण तू झोपला नव्हतास, डेस. दर दिव्याखाली आलो की एक डोळा उघडायचास. मी बघितलं की मिटायचास."
मी म्हटलं, मग खाली का नाही उतरवलंस?
"तू डॅडना शोधत होतास," ती म्हणाली. "म्हटलं, उंचावरून बरं दिसेल."
यातलं मला काहीएक आठवत नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. गाडी वेळेवर सुटली.
मोटारीकडे परत येताना प्लॅटफॉर्मवरचे दिवे मोजले. आता एकोणीस आहेत.
तेव्हा सात होते.