टेकडीखालची पंगत

बाबा, आपल्या विहिरीला पाणी देणाऱ्या टेकडीवर बंगल्यांचं लेआउट पडतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ही बातमी तुमच्या कामाची नाही, पण राग काढायला घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. अकोल्यातली नोकरी संपवून मी परत आले ती तुमच्या शेवंतीच्या वाफ्यांसाठी. पावसाळ्यात टेकडीवरून नाला उतरतो, आपल्या बांधाला लागून जातो आणि त्याच्या जोरावर विहीर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तग धरते. नाला बुजला की विहीर गेली आणि विहीर गेली की शेवंती. बिल्डरच्या पर्यावरण अहवालात मात्र छापलंय की टेकडीवर पाण्याचा प्रवाह आढळला नाही. पाहणी कधी केली, तर मे महिन्यात! आपल्याकडे मे महिन्यात अंगावरचा घाम टिकत नाही, यांना नाला कुठून दिसणार? मी तसंच लिहून हरकत घेतली. त्याच नाल्यावर ज्यांच्या विहिरी चालतात त्या शेजाऱ्यांनीही सह्या केल्या. पलीकडच्या शेतातले काका तर म्हणाले, "बरं केलं बाई तुनं. बिनधास्त बोल, आमी आहो तुह्या मांगं."

मग कळलं की हरकती तपासणारी सरकारी समिती जागेवर येणार, गावकऱ्यांचं म्हणणं तिथेच ऐकून घेणार. आणि नेमकी त्याच दिवशी बिल्डरनं टेकडीखालच्या मारुतीपुढे रोडग्यांची पंगत ठेवली. नवस होता म्हणे. मारुतीला कधी बोलला होता कोण जाणे. मी पोचले तेव्हा गोवऱ्यांची आर विझत आली होती, पोरं त्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांवरची राख झटकत होती आणि वांग्याच्या भाजीचा वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. सगळा गाव पत्रावळीवर बसलेला. मला दोनदा बसवायला आले, मी बसले नाही. तेवढ्यात समितीची गाडी आली. साहेब पंगतीपुढे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, या टेकडीवरून नाला वाहतो असं लेखी आलंय, कोणी पाहिलाय का? मी बोलले. नाला कुठून निघतो, कुठे वळतो, कोणाकोणाच्या विहिरीला लागतो, सगळं हात करून दाखवलं. साहेब काकांकडे वळून म्हणाले, तुम्ही सांगा. काकांनी रोडगा फोडला, त्यात तूप भरलं आणि मान खाली घालून म्हणाले, "सायेब, जेऊ द्या ना आता. मंग बोलू." मग कसलं? साहेबांनाही पान वाढलं, त्यांनी हात जोडून दोन घास खाल्ले आणि गाडी गेली.

मी काकांना तिथेच गाठलं. तुमच्या सहीचं काय झालं म्हटलं. ते उलट माझ्यावरच भडकले. "पंगतीत असं बोलत असतेत काय व? ज्याच्या पानावर बसलो त्याचंच उणं काढू? तुह्या बापानंच शिकवलं आमाले हे." बाबा, मला तिथल्या तिथे तुमच्याशी भांडायचं होतं.

कारण त्यांचं खरं होतं. तिवशापासून वलगावपर्यंत कुठे रोडगे असले की भाजी करायला तुम्हालाच बोलावणं यायचं. अशाच एका पंगतीत मी लहान आहे, तुमच्या मागेमागे आलेली. ज्याची पंगत आहे त्यानं त्याच वर्षी नांगर घालून आपल्या शेताचा बांध कोरलेला. घरी तुम्ही आईला ते सांगताना मी ऐकलेलं. मी भर पंगतीत त्याच्याकडे बोट करून म्हणते, यानंच आमचा बांध कोरला. तुम्ही वाढण्याची पळी तशीच हातात घेऊन येता, मला दंडाला धरून उठवता. "पोरी, ज्याचं खातो त्याले नावं ठेवत नाही. ऊठ, हात धू." अर्धा रोडगा पानात राहिला होता. घरी येताना म्हणालात, मी बोलतो त्याच्याशी मंग. नाही बोललात. त्यानं कोरलेली जमीन आजही त्याच्याकडेच आहे, आणि त्याच्या मुलांना ती त्यांचीच वाटते.

तुमच्या त्या चांगुलपणाची किंमत बिल्डरला बरोबर कळली. आम्हाला विकत घ्यावं लागत नाही, जेवू घातलं की भागतं. समितीनं लिहिलं, ग्रामस्थांचा विरोध दिसून आला नाही, एका महिलेचा वैयक्तिक आक्षेप आहे. आता टेकडीच्या कुशीत रस्ता कापलाय आणि मुरूम नाल्यात ढकलून दिलाय. काका परवा आले होते, पुन्हा अर्ज करू म्हणाले. मी चहा दिला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. गावात मी सगळ्यांना सांगत फिरते की माझे बाबा असते तर माझ्या बाजूनं उभे राहिले असते. ते खोटं आहे. तुम्ही असता तर त्या दिवशी भाजी तुम्हीच केली असती. पळी घेऊन माझ्यापुढे आला असता, "बस पोरी" म्हणाला असता, आणि मी बसले असते.