तिसऱ्या मजल्यावरची रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार
आज वर्तकनगरातल्या सोसायटीत कामाला सुरुवात केली. काम अगदी माझ्या आवडीचे: भुताच्या तक्रारीमागचे खरे कारण शोधायचे. दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्या मजल्याच्या कॅमेऱ्यात, कुलूपबंद घराच्या दारात एक बाई उभी दिसते, असे रहिवासी सांगतात. सचिव दर्शनाताईंच्या मते हे नाटक गोदूबाईंचे. त्या जिना झाडतात, शेजारीच सोसायटीने दिलेल्या खोलीत राहतात. माझ्या अहवालात तसे ठरले, तर शनिवारी त्यांना खोली सोडावी लागेल. चहा मात्र उत्तम मिळाला.

४ फेब्रुवारी
पद्धत नोंदवून ठेवतो. भिंगावरचा कोळी अवाढव्य, धूसर दिसतो. ऊन सरकले की सावल्या चालू लागतात. अशी कारणे एकेक वगळत जायचे. भिंग पुसले, खिडकीला पुठ्ठा लावला. बाई दिसलीच, मात्र उंबऱ्यापाशी थबकली. तेथे गोदूबाई रोज रांगोळीची एक सलग रेघ ओढतात. परक्याच्या बंद दारापुढे कशासाठी?

५ फेब्रुवारी
प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी; पण शनिवार जवळ आला, म्हणून आज दोन बदलल्या. आज रेघ पुसली आणि गोदूबाईंना दर्शनाताईंच्या घरी बसवून ठेवले. जाताना त्या म्हणाल्या, पूस बाबा, तू शिकलेला. पण मग मला हाक मारू नकोस.
तीन वाजून दहा मिनिटांनी बाई उंबरा ओलांडून बाहेर आली.

६ फेब्रुवारी
गोदूबाई निर्दोष, तसे लेखी कळवले. आता संशय चित्रणावर. पहारेकरी विश्राम जुन्या चित्रणाचा तुकडा जोडत असावा, म्हणून भिंतीवर माझे घड्याळ टांगले. बाई त्याखालून गेली. काटे बरोबर होते. विश्राम म्हणाला, साहेब, मला मोबाइलवरून फोटो धड पाठवता येत नाही.
ती दुसऱ्या मजल्यावर उतरली.

७ फेब्रुवारी
पहिला मजला. प्रत्येक दारापाशी थांबते, वाकून पाहते. कोणाला तरी शोधते—
गोदूबाईंना हाक मारली. दार उघडले नाही. आतून इतकेच, सांगितलं होतं ना.

८ फेब्रुवारी, शनिवार
अहवाल— राहू दे.
तीन वाजून आठ मिनिटे. तळमजला, कार्यालय. उंबऱ्यावर स्वतः रेघ ओढली. कुठेही तुटलेली नाही.
तीन दहा. पडद्यावर हीच खोली. माझी पाठ. दार. अखंड रेघ.
बाई रेघेपाशी थबकली आहे. तोंड बाहेरच्या बाजूला. तिला जाता येत नाही, कारण ती आतल्या—
वळते आहे—