आमच्या गावाने सरकारला नको म्हटलं

स्केयबर्ग, नॉर्थ डकोटा
३ ऑक्टोबर १९९५

चि. मारित हिस बोर्घिल्ड मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळं ठीक. म्हणजे गावातलं एकुलतं एक किराणा दुकान बंद पडलं. आता दुधासाठीसुद्धा तालेवार रायडल गावापर्यंत गाडी हाकायची. बर्फात मला ते जमायचं नाही, मग तू म्हणतेस तसं घर विकून मिनियापोलिसला तुझ्याकडे यावं लागेल. मला यायचं नाही, स्पष्टच सांगते. रागावू नकोस.

पण आशा आहे. माणसं सोडून जातात अशा भागांना सरकार 'खास विभाग' ठरवून पैसा देणार आहे. परवा डेल्गाडो नावाचे साहेब आले, मूळचे टेक्ससचे. चर्चच्या तळघरात सभा झाली. दुकानासाठी मदत हवी का, असं त्यांनी विचारलं. आमचे सरपंच ओर्विल म्हणाले, छे छे, आमचं बरं चाललंय, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि निघालेच! कॉफी मात्र पहिल्याच विचारण्याला घेतली, केकसकट. असतो एकेकाचा स्वभाव.

आता पुन्हा विचारायला येतीलच. आठवण ठेव, तब्येत सांभाळ.
तुझी, बोर्घिल्ड मावशी


मिनियापोलिस
९ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

अगं मावशी, काय करून बसलात हे! सरकार आग्रह करत नसतं गं. एकदा विचारतं आणि पुढच्या गावाला जातं. मी डेल्गाडोंना फोन केला. ते म्हणाले, गाव सुखी दिसलं, पैसा रायडलला देतोय. रायडलला! मी हातापाया पडले, तेव्हा कुठे गुरुवारी पुन्हा यायला कबूल झाले.

खरं सांगू? फोन ठेवल्यावर वाटलं, कशाला केला. दुकान उघडलं नसतं तर तू माझ्याकडे आली असतीस. इथे संध्याकाळी बोलायला कुणी नाही गं. असो. गुरुवारी कुणीतरी उठून 'हवं' एवढंच म्हणा. ओर्विलकाकांना तोंड उघडू देऊ नका.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी मारित


स्केयबर्ग
२१ ऑक्टोबर

चि. मारितला आशीर्वाद.

ओर्विलनी तोंड उघडलंच. घसा खाकरून म्हणाले, तसं काही फार वाईट नाही. डेल्गाडोंनी पेनाला टोपण लावलं, आणि मी ताडकन उठले. मी जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही. म्हटलं, साहेब, आम्हाला मदत हवी. दुकान नसेल तर मला घर सोडावं लागेल, आणि मला इथेच मरायचंय.

सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मग गुंडर उठला, तोच, सभेत कधी न बोलणारा शेतकरी. म्हणाला, लोणी मिळत नाही, मी कोरडा पाव खातोय. त्यानंतर ओर्विलची बायको म्हणाली, हे बिनदुधाची कॉफी आवडते म्हणतात ते साफ खोटं आहे. मग काय विचारतेस! जो तो आपलं रडगाणं गायला लागला. डेल्गाडो थांबा थांबा म्हणत होते, कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी आमचं गाव विभागात घेतलं, तेव्हा कुठे लोक खाली बसले.

दुकान गावाच्या मालकीचं होणार. चालवायला माणूस हवंय. तुझं नाव निघालं, तर मी मेली म्हणाले, नको, तिचं शहरात छान चाललंय. घरी येऊन स्वतःचाच राग आला. तेव्हा सरळ विचारते: येशील का? दुकानासाठी नाही. मला तू हवी आहेस.

मावशी


मिनियापोलिस
२७ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आज राजीनामा दिला. वाटलं होतं, ऑफिसातले साहेब निदान दोनदा तरी थांब म्हणतील. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि फोन घेतला. जिन्यात थोडं रडले, मग हसू आलं.

पुढच्या शनिवारी पोचते. मला न्यायला ये.
मारित