काळी-पांढरी दोरी

अतिराउ
१४ मे

प्रिय मारझान, माझ्या उंटिणीच्या पिल्ला,

अनेक आशीर्वाद. नातवाला, सांझारला माझ्याकडून दोन पापे, दोन्ही गालांवर. आम्ही बरे आहोत. वारा सुटला की तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघा कुरकुरला की ती माझ्यावर कुरकुरते. शेजाऱ्यांची उंटीण व्याली. तिचं आंबवलेलं दूध रोज येतं. तुझ्या वाटणीचं मीच पितो.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू "आईला द्या" म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुझी चिठ्ठी मिळाली. "बाबा, गुरुवारी कोर्टात एवढंच म्हणा की धुकं होतं, होडी कुणाची ते नीट दिसलं नाही." चार वेळा वाचली. लिहिताना सासूबाई समोर बसल्या होत्या का, ते विचारत नाही. त्या घरात तुला रोज सगळ्यांना चहा ओतायचा आहे. सासरे तुरुंगात गेले तर तो चहा कसा घशाखाली उतरेल, हे मला कळतं गं.

पण धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. तेवीस वर्षं मी या समुद्रावर मासेचोर पकडतोय. ओरिनबाय व्याह्यांची निळी होडी मी अर्ध्या कोसावरून ओळखतो. पाण्यात नुसत्या गळांची लांबच लांब माळ, आमिषसुद्धा नाही. तिच्यात कुशीला गळ रुतलेली बेलुगाची, त्या धरायला बंदी असलेल्या माशाची, एक मादी, अंड्यांनी तट्ट फुगलेली, अजून जिवंत. नदीकडे निघाली होती बिचारी. ही जात अंडी घालायला लागते तोवर पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणजे साधारण तुझ्या वयाची.

माझा जोडीदार बेकझात कानाशी आला. "साहेब, इंजिन बिघडलं म्हणू का? आपण पोहोचेपर्यंत जातील ते."

"पंचनामा लिही," मी म्हणालो.

गळ कापून मादीला सोडलं. जगली का, देव जाणे.

इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं मी आईलाही सांगितलेलं नाही. व्याही चिडले नाहीत. सहीसाठी कागद पुढे केला तर हसले. "व्याहीबुवा, मार्चमध्ये आमच्याकडे आलात तेव्हा कुठे होता हो तुमचा कायदा?"

मी पेन पुढे केलं.

"मी सांगतो. तुमच्या ताटात होता. दोनदा वाढून घेतलात."

खरं आहे, मारझान. त्या दिवशी तू सांझारच्या इवल्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधून त्याला उभं केलंस, आणि व्याह्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "दोरी कापणाऱ्यासारखं पोर चालतं म्हणतात. आमच्यात सरळ चालणारा कुणी नाही, तेव्हा तुम्हीच कापा!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. दोरी कापली आणि आपल्या रीतीप्रमाणे पोराच्या कानात म्हणालो, "दुसऱ्याची काळी-पांढरी दोरी ओलांडू नकोस. जे तुझं नाही, त्याला हात लावू नकोस."

आणि हात धुऊन जेवायला बसलो. मधोमध तोच बंदीचा मासा, बेलुगा. कुठून आला, हे मला घास घ्यायच्या आधीच कळलं होतं. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने वाढला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पटकन मान खाली घातलीस. तुला सासरी खाली बघावं लागू नये म्हणून खाल्लं, असं मी दोन महिने स्वतःला समजावतोय. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते तुझ्यासाठी नव्हतं. चव चांगली होती.

मी तेव्हाच ताट बाजूला सारलं असतं तर व्याही रुसले असते, फार तर वर्षभर बोलले नसते. पण गळ टाकताना "आपला व्याहीच आहे की" असं त्यांच्या मनात आलं नसतं. तो धीर मीच त्यांना दिला.

तेव्हा गुरुवारी मी दोन्ही सांगणार आहे. होडी त्यांची होती, आणि मार्चमध्ये त्यांच्या घरी मी काय खाल्लं, जाणूनबुजून. बेकझात म्हणतो, "साहेब, नोकरी जाईल, निवृत्तीला चारच वर्षं उरलीत." जाईल. पण व्याह्यांना एकट्याला उभं करून मी साक्षीदाराच्या जागी ताठ उभा राहिलो, तर त्या पोराच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?

तुझ्या सासऱ्यांना हे आधी कळू दे, म्हणून पत्र त्यांना वाचून दाखव. सासूबाईंनाही. त्यांनी तुला घराबाहेर जा म्हटलं तर तुझी खोली झाडून ठेवली आहे. तसं म्हटलं नाही तर तिथेच राहा, माझी बाजू घेऊन कुणाशी भांडू नकोस. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, तुझा राग मला समजेल. धुकं मात्र मागू नकोस.

सांझार चालायला लागला का गं? आई म्हणते, चार पावलं टाकतो आणि बसतो. दोरीचा अर्धा तुकडा अजून माझ्या गणवेशाच्या खिशात आहे. गणवेश परत करावा लागला तर तो आधी काढून घेईन. पोर मोठं झालं की त्याला दे, आणि कापणारा स्वतः कुठे अडखळला होता, तेही सांग.

तुझा, दोरी ओलांडलेला,
बाबा