आठ वाट्यांचा जंत

नवागाम, सुरत
श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप गजेंद्र दाजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, रघुनाथचा, नमस्कार पोहोचावा.

आपला गुडघा आता कसा आहे? ताईने दाढ काढून घेतली, की अजून लवंगेवरच चालले आहे? इकडे महादेवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे शरीराने. मनाचे पुढे लिहितो; ताईला वाचून दाखवताना जेवणाची वेळ टाळावी.

आषाढात एके दिवशी सकाळी मी अंघोळ केली, देवाला फूल वाहिले, कपाळाला भस्म लावले आणि विनायक सरांच्या घरी जाऊन एका जंताचे दर्शन घेतले. विनायक सर म्हणजे आमच्या मागच्या सोसायटीतले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि गोड्या पाण्यातल्या कासवांच्या पोटात जे चपटे जंत राहतात त्यांवर पीएच. डी. करतात. (आमच्या गुरुजींनी कासवाबद्दल एवढेच शिकवले होते की त्याच्यासारखी आपली इंद्रिये आत ओढून घ्यावीत. आत आधीच कोणी भाडेकरू असेल, हे त्यांनाही ठाऊक नसावे.) सरांचा चित्रकार काम अर्धे टाकून निघून गेला होता. मी मिलमध्ये साड्यांची डिझाइने काढतो हे कळल्यावर ते मला घेऊन गेले. म्हणाले, ‘काका, फक्त दिसेल ते काढायचं.’

दाजी, खोटे कशाला बोलू, सूक्ष्मदर्शकात दिसले ते सुंदर होते. गुलाबी रंगवलेला, जवसाच्या दाण्यासारखा लांबट जीव. वर तोंड, तिथून आतड्याच्या दोन फांद्या दोन्ही काठांनी खाली उतरलेल्या, त्यांच्याभोवती बारीक ठिपक्यांची भरगच्च भरण, आणि शेपटाकडे एका तबकडीवर सहा वाट्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या. त्या वाट्यांनी तो कासवाच्या मूत्राशयाला आतून चिकटून राहतो. वाट्या किती, चिकटायचे आकडे कसे, अंडाशय कुठल्या बाजूला, यावरून म्हणे त्याचे कुळ ठरते, कुळातून प्रजाती, प्रजातीतून जात. (म्हणजे आपल्यासारखेच, फक्त सोयरीक बघायला आपण पोट फाडत नाही.) पण त्याला अंडाशय एकच, तोही एका अंगाला. दुसरे अंग मोकळे. आता माझे अर्धे आयुष्य साडीत गेलेले. कागदावर बोटभर जागा मोकळी दिसली की आमचे शेठ ओरडतात, ‘रघुभाई, आटली जग्या खाली? घराक पैसा पाछा मागशे!’ (एवढी जागा रिकामी दिसली तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल म्हणे.) हात आपोआप चालला. दुसऱ्या अंगालाही अंडाशय आला. सहा वाट्या तबकडीत जरा सैल बसत होत्या, आठ झाल्यावर फूल भरले. देवाशपथ, मला काही कळले नाही. सरांनी चित्र पाहिले, ‘वा काका!’ म्हणाले आणि ते बडोद्याला आपल्या गाइडांकडे पाठवून दिले.

गाइडांचे उत्तर आले की आठ वाट्यांचा आणि दोन अंडाशयांचा असा जंत आजवर कोणी पाहिलेला नाही, ही नवीच जात आहे, विनायकचे कल्याण झाले. सोसायटीत पेढे वाटले गेले. सरांच्या पत्नी रजनीवहिनी यांनी मला पाटावर बसवून ओवाळले. आणि उपकार म्हणून सरांनी त्या जंताला माझे नाव द्यायचे ठरवले: शेवटी ‘रघुनाथी’. मी हे घरी सांगितल्यावर सौ. प्रमिला पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘जन्मभर घराण्याचं नाव काढीन म्हणत होता. काढलंत एकदाचं, कासवाच्या लघवीच्या पिशवीत!’

इथवर हसण्यासारखे होते. पण एका जंतावर जात सिद्ध होत नाही, तसेच आणखी दाखवावे लागतात. म्हणून कामरेजच्या एका मासेवाल्याकडून पाच जिवंत कासवे आली आणि सरांच्या मोरीतल्या टबात राहू लागली. (रजनीवहिनी अंघोळीला शेजारी जातात.) गाइड बडोद्याहून आले की पाचही फाडायची. मी बघायला गेलो तर पाचांनीही माना बाहेर काढून माझ्याकडे पाहिले. दाजी, महादेवाच्या देवळात आपण आधी कासवाला हात लावतो आणि मग आत जातो. इथे माझ्या दोन वाट्यांपायी पाच कासवे जाणार.

मी तिथेच सरांना सांगितले की वाट्या सहाच, वरच्या दोन माझ्या. सर हसले. ‘काका, हा तुमचा विनय. खेड्यातल्या माणसाला मोठेपण पेलत नाही.’ म्हटले, स्वतः बघा. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ मोजले आणि म्हणाले, ‘सहा दिसतात हे खरं, पण दोन घडीत गेल्या असणार. तुम्हाला त्या दिवशी दिसल्या, हे आपलं नशीब.’ मी पुन्हा बसून खरे चित्र काढले: सहा वाट्या, एक अंडाशय, बाकीचे अंग मोकळे. (मोकळे सोडताना उजवा हात डाव्याने धरून ठेवला.) ते पाहून सर म्हणाले, ‘हे पहिल्याइतकं जमलं नाही, काका.’ शेवटी रजनीवहिनींना गाठले. त्या म्हणाल्या, ‘आता नाही म्हणू नका हो, मी माहेरी कळवून बसलेय!’

काल सर सहकुटुंब बडोद्याला गेले, गाइडांना घेऊनच परततील. कासवांना खायला घालायचे म्हणून घराची किल्ली माझ्याकडे दिली. विश्वासाची वस्तू आहे. प्लेगच्या साली आपण आम्हा सर्वांना घरात घेतलेत, काही विचारले नाहीत; आपल्याइतका वडीलधारा मला दुसरा नाही. तरी मी काय करावे ते उलट टपाली कळवावे. आपला शब्द आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.

आपला आज्ञाधारक,
रघुनाथ

ता. क. उलट टपालाला वेळ लागेल असे लक्षात आल्यामुळे हे पत्र शेजारच्या उखाबरोबर पाठवतो आहे. तो आपल्याच बाजूला, नंदुरबारकडे, निघाला आहे. त्याच्याजवळ एक ओले पोते आहे. वर ‘साड्या’ लिहिले आहे म्हणून ताई धावेल; तिला उघडू देऊ नये.

ता. क. तापीत सोडणार होतो. पण तो मासेवाला तीच पाच पुन्हा धरून सरांना पुन्हा विकेल. आपल्या मळ्यातल्या विहिरीत सोडावीत. विहिरीत कासव असले की पाणी निवळ राहते असे आपणच सांगत आला आहात. आतले भाडेकरू माणसाला लागत नाहीत असे सर म्हणतात. तरी पाणी गाळून प्यावे.

ता. क. उधना स्टेशनच्या फलाटावरून लिहितो, अक्षराला हसू नये. पोते उखाच्या बाकाखाली सरकवले. समोरच्या बाईंनी विचारले, आत काय? साड्या म्हणालो, तेवढ्यात एक साडी चालायला लागली. बाईंनी पाय वर घेतले. शिटी झाली, उखा खिडकीतून हात काढून पत्र मागतो आहे. सर येतील तेव्हा रिकाम्या टबापाशी मीच बसलेला असेन.