जोडवी आणि गमबूट

कंधार, मंगळवार, दिवेलागण

कोंबड्या रोज माझ्या जोडव्यांना टोचतात. चकाकतात म्हणून दाणाच वाटत असावा. सवाष्णीनं ती काढायची तरी कशी? म्हणून आज गमबूट घालून परसात गेले, तर सगळ्या बिचकून भिंतीकडं पळाल्या. ज्वारी टाकली तरी एकही जवळ येईना.

वैतागून सासूबाईंना म्हटलं, "चप्पल घातली की मलाच टोचतात. तुम्हाला कशा न्हाई टोचत?"

"माझ्या बोटांत काय हाय आता टोचायला?" त्या शांतपणे बोलल्या आणि साधी चप्पल घालून दाणे टाकायला गेल्या.

मामंजी गेल्यापासून त्यांच्या पायांची बोटं मोकळीच आहेत. रोज बघते की मी. मग विचारलंच कशाला?

उद्याही गमबूटच. कोंबड्यांना होईल सवय. जोडवी झाकलेलीच बरी.