टाकीतलं पाणी

मंगळवार, ९ एप्रिल २०२४

पाडव्याच्या मुहूर्तावर बुऱ्हाणपुरात पाऊल ठेवलं. नवं गाव, नवी नोकरी, म्हणून रोजनिशीही नवी. स्टेशनवर भाईदासभाऊ, म्हणजे माझे नवे मालक, स्वतः स्कूटर घेऊन आले होते. ऑफिस दाखवायच्या आधी त्यांनी मला मावा जिलेबीच्या दुकानात नेलं. एका जिलेबीतच पोट भरलं होतं, पण पहिल्या दिवशी मालकाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तीन खाल्ल्या. नाही म्हणता न येणं हा माझा जुनाच रोग आहे.

ऑफिस शनवारा भागात, पहिल्या मजल्यावर. यंत्रमागावर निघणाऱ्या साड्यांच्या काठांची नक्षी इथे कॉम्प्युटरवर काढतात. काढते वंदना, सात वर्षांपासून. तिची मोरांची पाठमोरी रांग पाहून मी थक्क झालो, तर ती म्हणाली की हे मोर काढताना मशीन इतकं तापतं की बंदच पडतं. मला बोलावलंय ते त्याचसाठी. भाऊंनी सांगितलं, ‘देखो इंजिनीयर साहेब, मशीन झकास आहे, फक्त डोकं गरम आहे त्याचं.’

मशीन आतल्या खोलीत आहे. पूर्वी तिथे सूत साठवायचे. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, लोखंडी दार आणि कडी फक्त बाहेरून. आत एसी आहे, त्यामुळे बाहेरच्या बेचाळीस डिग्रीतून आत गेलं की जिवात जीव येतो. मशीनची पेटी काचेची. आत पेलाभर पाण्याची टाकी आहे. पंप तिथलं पाणी पारदर्शक नळ्यांतून प्रोसेसरवर नेतो, पाणी उष्णता घेतं, पंख्यांसमोरच्या जाळीत निवतं आणि टाकीत परततं. सगळं हाताने बांधलेलं, एकेक नळी तापवून वाकवलेली. ज्याने बांधलं त्याचा हात फार चांगला होता. वंदनाने आज पेटीला कुंकू लावून वर साखरेची गाठी टांगली आहे. मी तीही काढा म्हणालो नाही.

बुधवार, १० एप्रिल

मशीन रिकामं बसलेलं असताना तापमान एकाहत्तर, काम करताना ब्याण्णव. प्रोसेसरला पंच्याण्णवच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं, तिथे मशीन स्वतःच बंद होतं. जाळीतली धूळ झाडली. पंपाला कान लावला, तो ठणठणीत. मग टाकीकडे नीट पाहिलं तर पाणी गढूळ.

खोदून विचारलं तेव्हा वंदनाने कबूल केलं. पातळी कमी दिसली की ती माठातलं पाणी ओतायची. माठात लालबागच्या कुंडी भंडाऱ्याचं, म्हणजे जुन्या भुयारी विहिरींचं पाणी असतं, ते पचायला हलकं म्हणून इथले लोक मुद्दाम भरून आणतात. एवढं गुणाचं पाणी माणसाला चालतं तर मशीनला का चालू नये, असा तिचा सवाल. त्या पाण्यात चुना भरपूर. प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा उघडला तर आतल्या केसासारख्या खाचा पांढऱ्या थराने बुजलेल्या. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठोकळा भिजत घातला आणि बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणलं.

गुरुवार, ११ एप्रिल

अडतीस! वंदनाचे सगळे मोर एकदम नाचवले तरी एकसष्टच्या वर गेलं नाही. भाऊंनी ऑफिसभर दराबा, ही इथली मिठाई, वाटला. म्हणाले, डोईफोडिया गावच्या बाईंनी तुमचं नाव सुचवलं ते उगाच नाही. मी हसलो आणि दराबा तोंडात कोंबला.

शनिवार, १३ एप्रिल

चौऱ्याऐंशी. टाकीतलं पाणी बोटभर कमी.

नव्या पाण्यातले बुडबुडे निघाले की पातळी थोडी उतरतेच. म्हणून पेटी पुढे-मागे कलवून हवा काढली, पाणी भरलं आणि प्रत्येक सांध्याखाली टिशू पेपर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा बोटभर कमी. टिशू कोरडे ठक्क. बंद टाकीतून एवढं पाणी गेलं कुठे?

सोमवार, १५ एप्रिल

आज एक गोष्ट लिहायलाच हवी. हे मशीन मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. इथे लिहिलं नाही, कारण लिहायची लाज वाटली.

हे गोटूने बांधलंय. इंदूरला आम्ही एका खोलीत राहायचो. आठ महिने तो नळ्या वाकवत होता आणि मी बाजूला बसून बिड्या ओढत त्याला शिकवत होतो. २०२१च्या एप्रिलमधल्या साथीत तो गेला. मशीन त्याच्या आईकडे, डोईफोडियाला गेलं. तिने ते भाईदासभाऊंना दिलं आणि बिघडलं तेव्हा माझा नंबरही दिला. गोटूचा दोस्त आहे, त्याला सगळं येतं म्हणाली. मी नकार दिला असता तर का म्हणून विचारलं असतं, म्हणून आलो.

आज ती आली होती. धुरपदाबाई. केळीच्या बागेत मजुरीला जाते, पहाटेची एसटी धरून आली. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून माझ्यासाठी आणला होता. मशीनसमोर बसली, काचेवरून पदर फिरवला. मग मला विचारलं, तेच जे ती तीन वर्षं फोनवर विचारते: ‘त्यानं शेवटाले पानी मांगलं का रे?’ मी तेच सांगितलं, जे तीन वर्षं सांगतो. मागितलं, मी पाजलं, माझ्या मांडीवर डोकं होतं. ती म्हणाली, ‘तू होता ना बेटा त्याच्यापाशी, म्हणून मले झोप लागते.’

ती माझ्याकडे बघत बसली आणि मी तिच्या देखत दोन भाकरी खाल्ल्या. रविवारी पुन्हा येणार आहे.

बुधवार, १७ एप्रिल

दुपारी तीन चाळीसला १०१.४.

हे होऊच शकत नाही. पंच्याण्णवला मशीन बंद व्हायला हवं, ते चालूच आहे. आकडा चुकत असेल म्हणून तांब्याच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं. एकशे एक डिग्रीला कातडी सोलून निघायला हवी. निघाली नाही. ठोकळा नुसता कढत लागला. तापलेल्या माणसाचं कपाळ लागतं तेवढाच.

बोट काढून घेतलं. बॅगेच्या तळाशी माझा जुना फोन आहे. तीन वर्षांत चालू केलेला नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

फोन चालू केला. गोटूचे मेसेज तसेच आहेत. पहिला, १७ एप्रिल २०२१, दुपारी तीन चाळीस: ‘१०१.४’.

मशीनच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. रात्री सात चाळीस, १०२. सकाळी आठ, १०२.८. आकडे तेच, वेळा त्याच, मिनिटही इकडचं तिकडे नाही. फरक एवढाच की त्याचे आकडे थर्मामीटरचे आहेत.

दर चार तासांनी ताप मोजून मला कळव, असं मीच त्याला सांगितलं होतं. सांगताना चपला घालत होतो. त्याला म्हणालो, तू पडून राहा, मी गोळ्या घेऊन आत्ता येतो. आणि नाक्यावर नाशिकचा एक ट्रक उभा दिसला. मला मरायची भीती वाटत होती. ट्रकमधून दोन वेळा ‘येतोच आहे’ असं कळवलं. तिसऱ्या आकड्याला काहीच उत्तर दिलं नाही.

आणि बाहेर पडताना दाराला कडी घातली. घरमालकाची पोरं आत जाऊ नयेत म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पाण्याचा पिंप बाहेर गॅलरीत होता. चार दिवसांनी घरमालकाने कडी काढली. घाबरून तोही कुणाला काही बोलला नाही. मला फोन करून एवढंच सांगितलं की पोरगा मशीनपाशी पडला होता.

म्हणजे मी पाणी पाजलं नाही. मांडीवर डोकं नव्हतं. लिहून टाकलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

१०३.६. मग १०४. मग १०४.२.

टाकी सकाळी भरली, अकराला रिकामी. पुन्हा भरली, एकला रिकामी. वंदना दारात येऊन म्हणाली की आत आजारी माणसाच्या खोलीसारखा वास येतोय. ती आत येत नाही. भाऊ म्हणतात मशीन बंद करा. बटण दाबलं. वायर काढली. पंप चालूच—

१०४.२ हा गोटूचा शेवटचा आकडा. त्यानंतरचा एक मेसेज मी कधी उघडला नाही. २० एप्रिल, दुपारी सव्वा वाजता आलेला. उद्याची तारीख.

शनिवार, २० एप्रिल

दीड वाजलाय. सव्वा वाजता पडद्यावरचा आकडा गेला. काळा पडदा. मग मी मेसेज उघडला.

‘पाणी संपलं होतं. दार उघडत नाही. मशीनच्या टाकीतलं प्यायलो. आता मशीन गरम होईल. रागावू नको. तू आलास की भरून टाकू.’

रागावू नको म्हणतो. मला.

तेव्हाच उघडला असता तर घरमालकाला एक फोन करता आला असता. एक फोन. उद्या ती आली की सांगणार. सगळं सांगणार.

रविवार, २१ एप्रिल

दुपारी बारा. ऑफिसला सुट्टी, खाली दुकानंही बंद. चावी माझ्याकडे होती, मीच तिला आत आणलं. काचेच्या पेटीत हात घालून तिने ठोकळ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘ताप आहे रे याले.’

मी खाली बसलो आणि सांगितलं. ट्रक, मेसेज, मांडीचं खोटं. ती रडली नाही. फोन दाखवला, तर वाचता येत नाही, तूच वाच म्हणाली. मी वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग फोन माझ्या हातातून घेतला आणि पोलक्यात ठेवला.

कडीचं सांगितलं नाही. सगळं सांगितलं, तेवढं एक जिभेवर आलं नाही. लेकाला सोडून पळालो एवढं ऐकवलं, कोंडून पळालो हे नाही ऐकवलं. इतका मी—

ती उठली. म्हणाली, ‘तोंड वाळलं बेटा तुहं. तू बस. पानी घेऊन आत्ता येते.’

मी बसलो.

बाहेर कडी वाजली.

साडेबारा

हाका मारल्या. भिंती हातभर जाड. जिन्यावर तिची पावलं उतरताना ऐकू आली, सावकाश. कडीचं तिला कुणी सांगितलं? मी तर—

दोन

लाइट गेली. एसी बंद. मशीन चालू आहे. त्याच्याच उजेडात लिहितोय. पडद्यावर पुन्हा आकडा आलाय, १०१.४. स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

डिस्टिल्ड पाण्याचे कॅन बाहेर, वंदनाच्या टेबलाखाली, माझा रोजचा फोनही तिथेच चार्जिंगला. मीच ठेवले.

साडेचार?

१०३. ओठ चिकटतात. ती आत्ता येते म्हणाली होती. आत्ता. मीही हेच—

टाकी भरली आहे. सकाळी रिकामी होती. मी भरली नाही. काठोकाठ, स्वच्छ. आतून पाणी हलतंय, वाट बघितल्यासारखं.

गोटू, रागावू नको. फक्त एक घोट. झाकण फिरवतोय, आणि आतून कुणीतरी ते उलट्या बाजूने